वल्हं घरी नेणारा माणूस

ज्याचं देणं लागतो त्या माणसाने आपल्याला काय दिलं, हे निदान सांगता तरी यायला हवं. माझी अडचण इथूनच सुरू होते. आबांनी मला काही दिलं नाही. मी जे मागायला गेलो होतो ते त्यांनी नाकारलं, आणि त्या नकारामुळे माझ्यावरचं काय टळलं हे मला आजही सिद्ध करता येणार नाही. त्या दिवशी काही घडलंच नाही. त्यांनी होडी दिली असती तरी कदाचित काही घडलं नसतं. भिजून, गाणी म्हणत आम्ही परत आलो असतो. तरीही इतकी वर्षं मी स्वतःला त्यांचा ऋणी समजतो. का समजतो, ते एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

आमचा आजरा तालुका पाण्याचा. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लज, संकेश्वरकडे जाते आणि पुढे घटप्रभेला मिळते. रामतीर्थाला ती खडकांवरून उड्या घेते. इथला पाऊस कोल्हापूर शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. आमचा घनसाळ भात त्याच पावसावर पिकतो. आमच्या पिढीच्या पोरांना पोहायला कुणी शिकवलं नाही. उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या अडवलेल्या पाण्यात थोरल्या भावाने ढकलून दिलं, नाकातोंडात पाणी गेलं, वर आलो, झालं शिक्षण. पाण्याची भीती गेली, पण जाण काही आली नाही.

आबा जातिवंत नावाडी. पूर्वी पावसाळ्यात पलीकडच्या वाडीची माणसं, बाळंतिणी, दुधाच्या किटल्या नावेतून अलीकडे आणायचं काम त्यांच्या घराकडे होतं. पूल झाला, ते काम संपलं. मग तालुक्यात धरणाचं पाणी साठू लागलं तेव्हा आबा फुगवट्यातल्या मासेमारीच्या होडीवर लागले. पत्र्याची होडी, दोन वल्ही, जाळी टाकायची आणि पहाटे काढायची. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं, म्हणून इथेही तेवढंच.

आखाडात रोपलावण उरकली की आमच्याकडे जेवणं होतात. अमावास्येच्या आत कोंबडा कापायचा, नंतर श्रावण. त्याच अमावास्येला घरोघरी बायका दिवे घासूनपुसून पुजतात आणि पुरुषमंडळी तिला गटारी म्हणून ओळखतात. एकाच दिवसाचे हे दोन वाटेकरी मला नेहमीच विचित्र वाटत आले आहेत. तर अशा एका आखाडात आम्ही कॉलेज संपलेली पोरं धरणाच्या काठाला बसलो होतो. चूल मांडली होती, रस्सा शिजत होता, चकण्याला आजऱ्याचे काजू होते आणि बाटल्या गोव्याहून आलेल्या. आंबोलीच्या वाटेने गोव्याची दारू आमच्याकडे कशी येते हे आजऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस उघडला होता. पाणी काठोकाठ, पलीकडे ढगात गेलेला डोंगर. कुणीतरी म्हणालं, होडीतून एक चक्कर मारू.

आबा होडी उलटी करून तिचा तळ बघत होते. आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज न्हाय. उद्या सकाळी या, फुकट फिरवतो."

मी त्यातला शहाणा. मी वाद घातला. "आबा, वल्हवणार तुम्ही. तुम्ही घेतलेली न्हाय, घेतलीय आम्ही. मग भ्या कसलं?" माझ्या लेखी हा बिनतोड मुद्दा होता. एसटीचा ड्रायव्हर शुद्धीवर असला की मागच्या सीटवर कोण झोपलंय, कोण बरळतंय, याने गाडीला काय फरक पडतो?

"होडी म्हंजे तराजू हाय," आबा म्हणाले. "वल्हं माझ्या हातात असतंय. तोल समद्यांच्यात असतोय."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही वल्ही खांद्यावर टाकली आणि घरची वाट धरली. होडी तिथेच. वल्ह्यांशिवाय तिचं करणार काय? आम्ही पाठीमागून बरंच काही बोललो. म्हातारा माजलाय, म्हणालो. पुढे कितीतरी दिवस गावात मी तो किस्सा 'आबांनी आखाड बुडवला' म्हणून सांगत असे आणि लोक हसत.

काही वर्षांनी मी गावचा पोलीस पाटील झालो. हे पद १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याने चालतं. रुबाबाचं वाटतं, पण कामं साधीच: गावात कोण नवखं आलं, कुठे भांडण पेटतंय, याची खबर ठाण्याला द्यायची, आणि कुणाचा अकस्मात मृत्यू झाला तर पोलीस येईपर्यंत जागेवर थांबायचं, मग पंचनाम्याला उभं राहायचं. धरणाकाठच्या गावात अकस्मात मृत्यू म्हणजे बहुतेक वेळा पाणी.

पहिलाच प्रसंग आला तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. ट्रकच्या इनरवर बसून फुगवट्यात मासे धरायला गेलेला एक जण परत आला नव्हता. इनर पलीकडच्या काठाला लागलेली, पिशवीत रिकामी बाटली. माझी पावलं आपोआप आबांच्या दारात गेली. ज्यांची मी टिंगल करत हिंडलो त्यांच्या दारात. त्यांनी तो विषय काढला नाही. वल्ही घेतली, गळ घेतले, मला होडीत बसायला सांगितलं. त्या दिवशी होडीत कसं बसायचं ते मी शिकलो: बूड खाली, मध्यावर, हात दोन्ही काठांना, आणि काही झालं तरी उभं राहायचं नाही.

तेव्हापासून त्यांच्यासोबत किती वेळा पाण्यावर गेलो याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण वल्हवता वल्हवता ते जे तुटक बोलत त्यातून त्या आखाडातल्या नकाराचा अर्थ मला हप्त्याहप्त्याने कळत गेला.

पिलेला माणूस होडीत बसून राहत नाही, हे पहिलं. त्याला उभं राहावंसं वाटतं, नाचावंसं वाटतं, मित्राला ढकलावंसं वाटतं. छोट्या होडीत एक जण उभा राहिला की भार वर जातो, तोल सांभाळायला बाकीचे एका अंगाला झुकतात आणि तेवढ्यात दुसरा काठ पाण्याला टेकतो. नावाडी कितीही हुशार असो, त्या क्षणी त्याच्या हाती काही राहत नाही. दुसरं सांगताना आबांना थोडं हसू यायचं. बिअर घेतली की लघवीला लागते, आणि पुरुषमाणूस होडीच्या काठावर उभा राहून पाण्यातच करणार. पाय ओले, काठ बुळबुळीत, दोन्ही हात गुंतलेले. सगळ्यात जास्त माणसं अशानेच पडतात, असं आबांचं मत होतं, आणि मी ते त्यांचं मत म्हणूनच सांगतोय. तिसरं आमच्या पाण्याचं. धरणाच्या बुडीत क्षेत्रात जुन्या झाडांचे खुंट, बांध, कुंपणं अजून पाण्याखाली आहेत. वरून पाणी सपाट दिसतं. त्यात जाळी पसरलेली. शुद्धीतला माणूस पायाला जाळं लागलं तर थांबतो, वाकून सोडवतो. पिलेला पाय झाडत राहतो, आणि जाळं आवळत जातं.

"आम्ही पट्टीचे पोहणारे" हा आमचा त्या दिवशीचा दुसरा मुद्दा होता. त्याचं उत्तर मला आबांकडून नाही, शवविच्छेदनाच्या वेळी भेटलेल्या एका डॉक्टरांकडून मिळालं. बाहेर बाकावर बसलेल्या मला त्यांनी शांतपणे समजावलं. तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आत असतो आणि दारू तिथवर पोचते. जमिनीवर झोकांड्या जातात त्या त्यामुळेच. पण जमिनीवर डोळ्यांचा आधार असतो, पायाखाली घट्ट काही असतं. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात डोळे उपयोगाचे नाहीत, पायाखाली काही नाही, आणि आतला कान चुकीचं सांगतोय. अशा वेळी वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं. शिवाय गार पाण्यात एकदम पडल्यावर पहिला श्वास आपोआप, मोठा, ओढला जातो. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पोहायचा प्रश्नच उरत नाही. भरीस उघड्या होडीत वारा, ऊन, हलणं यांनी माणूस नुसता बसूनही थकतो. घरी दोन पेग पचवणाऱ्याला तेच दोन होडीत जास्त चढतात. आणि लिंबू पिऊन, ताक पिऊन, डोक्यावर गार पाणी ओतून ती उतरत नाही. यकृत आपल्या चालीने काम करतं, ते घाई करत नाही.

मी त्यांना आबांचं तराजूचं बोलणं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यावर अमेरिकेत अभ्यास झालाय. पुढे मी तो शोधून वाचला, जमेल तेवढा. मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांतल्या नौकाविहारातल्या मृत्यूंवरचा तो निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की दारू घेतल्यावर मरणाचा धोका होडी चालवणाऱ्याला जेवढा वाढतो, जवळपास तेवढाच नुसत्या बसलेल्यालाही वाढतो. आणि तो थोड्या दारूपासूनच वाढायला लागतो. होडी उभी असली तरी फार फरक पडत नाही. म्हणजे 'चालवणारा शुद्धीवर आहे ना' हा माझा बिनतोड मुद्दा समुद्रापलीकडेही तुटला होता. अमेरिकेचं तटरक्षक दलही जीवघेण्या नौका-अपघातांच्या ज्ञात कारणांत दारूला वरचं स्थान देतं. आबांचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं.

आमच्याकडे असे आकडे का नाहीत, याचं उत्तर पंचनाम्याला उभं राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. काठावर आई रडत असते. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणतो, "पाटील, दारूचं तेवढं नका काढू." त्यात अब्रू असते आणि पैसाही असतो. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडेंच्या नावच्या योजनेत २ लाख रुपये मिळतात, पण नशेत झालेला अपघात त्यात बसत नाही. मी काय काढणार आणि काय झाकणार? लिहिणारे पोलीस, ठरवणारे डॉक्टर. व्हिसेरा राखून ठेवतात, अहवाल यायचा तेव्हा येतो. तोवर पेपरात 'पाण्याचा अंदाज न आल्याने' एवढं छापून आलेलं असतं आणि गाव पुढे गेलेलं असतं. पुढच्या आखाडात नवी पोरं काठावर बसतात तेव्हा आधीचा कसा गेला हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

याचा मला फार त्रास व्हायचा. एकदा आबांना विचारलं. ते म्हणाले, "कागदाचं कागद बघंल. तू पोरांस्नी सांग की." तेव्हापासून सांगतो. कुणाचं नाव न घेता, घर न दाखवता, काय झालं ते सांगतो. माझ्याकडून त्या पदावर जे थोडं बरं काम झालं असेल ते हेच, आणि ते मला सुचलेलं नव्हतं.

आबा माळकरी होते असा समज कुणी करून घेऊ नये. ते घ्यायचे. होडी बांधली, जाळी वाळत टाकली, वल्ही घरातल्या आढ्याला अडकवली की संध्याकाळी पडवीत बसून घ्यायचे. पहाटे जाळी काढायला जायचं असेल त्या रात्री नाही. मला हे कळलं तेव्हा मी जरा गोंधळलो, कारण मनात मी त्यांना साधू करून ठेवलं होतं. पण विचार केल्यावर त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. न पिणाऱ्याने नाही म्हणणं सोपं असतं. पोरं त्याला 'तुम्हाला काय कळतंय' म्हणून उडवून लावतात. आबांना सगळं कळत होतं. तिची ओढही आणि तिची जागाही.

रस्त्यावर निदान कायदा उभा असतो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गाडी चालवणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली गुन्हा, आणि फुंकायची नळी घेऊन उभा हवालदार. बेदरकारपणे नाव चालवून जीव धोक्यात घालणं हाही गुन्हाच. पूर्वी दंडसंहितेचं २८० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेत ते २८२ झालं. पण आमच्या फुगवट्यावर नळी घेऊन कोण उभं राहणार? आणि त्या कलमात नुसता बसणारा येत नाहीच. तिथे जो कायदा होता तो वल्हं घरी नेणाऱ्या माणसाच्या खांद्यावरच होता.

ऑगस्ट २०१९चा महापूर कोल्हापूर-सांगलीचं कुणी विसरणार नाही. हिरण्यकेशीनेही पात्र सोडलं होतं. आबा तोवर थकले होते, गुडघे गेले होते. तरी घोंगडं पांघरून काठावर येऊन बसले. खालच्या वस्तीतली माणसं, जनावरं बाहेर काढायची होती. तरणी पोरं दोन दिवस पाण्यात राबत होती, ओठ निळे पडलेले. त्यातल्या एकाने गारठा मारायला म्हणून खिशातून चपटी काढली, दोन घोट घेतले. वाईट पोरगा नव्हता. सगळ्यात पुढे तोच होता. आबांनी त्याला हाक मारली आणि होडीतून उतरवलं. तो चिडला. लोक अडकलेत आणि तुम्ही हे काय काढलंय, म्हणाला. मीही मनातून त्याच्याच बाजूचा होतो. एक माणूस कमी करणं त्या वेळी परवडणारं नव्हतं. पण आबांच्या शब्दाबाहेर जायची माझी हिंमत नव्हती. मी त्या पोराच्या जागी बसलो.

दारूने ऊब येते ही समजूत पुरात कामाला गेलेल्या प्रत्येकाला असते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून अंग गरम वाटतं, पण त्याच वाटेने आतली ऊब बाहेर जाते आणि भिजलेला माणूस लवकर गारठतो. हे मला त्या डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. काठावर ऐन वेळी ते मला आठवलं नाही. आबांनी कुठे वाचलं नव्हतं. त्यांनी गारठलेली माणसं बघितली होती.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं आणणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. त्यात दारूचा काही संबंध नव्हता. बोटीत माणसं जास्त झाली होती. बातमी ऐकल्यावर आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या वक्ताला न्हाय म्हनायचं कसं रं? बायापोरं हात पसरून हुबी असताना?" नाही म्हणणं त्यांना सोपं वाटत असेल, असं मी तोवर धरून चाललो होतो. आम्हाला नाकारलं त्या संध्याकाळीही ते घरी जाऊन नीट जेवले नसतील, असं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

आबा गेले तेव्हा मी बाराव्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर त्यांच्या थोरल्या मुलाजवळ बसलो आणि त्या आखाडाची हकिकत पहिल्यांदा, टिंगल वगळून, जशी घडली तशी सांगितली. म्हणालो, तुमच्या वडिलांचं माझ्यावर हे एवढं आहे, आणि त्यांच्या हयातीत मी ते तोंडाने बोललो नाही. ते हे न कळताच गेले.

मुलाने ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर काही विशेष उमटलं नाही. "त्यांना आठवतही नसणार पाटील," तो म्हणाला. "दर आखाडात दोन-चार टोळकी परत लावायचे. शिव्या खाऊन घरी यायचे. आई म्हणायची, पैसे सोडता आणि वर शिव्या घेता. तुम्ही कुठल्या सालचे?"

साल मी सांगितलं. त्याला काही आठवेना. मग त्याने आढ्याकडे बोट दाखवलं. वल्ही तिथेच होती, आणि मासेमारीची होडी आता तो चालवत होता. मी विचारलं, तूही घरी आणतोस का? म्हणाला, आणतो, पण आता पोरं स्वतःचीच हवेची रबरी बोट गाडीच्या डिकीत घालून येतात, त्याला काय करणार? मग आम्ही दोघं त्यावरच बोलत बसलो: गाड्या काठापर्यंत उतरतात ती वाट अमावास्येच्या आदल्या दिवसापासून बंद करता येईल का, ग्रामपंचायत ऐकेल का, साखळी कुणाच्या खर्चाने घालायची. साखळीचे पैसे मी देतो म्हणालो. त्याने ते चटकन मान्य केलं.